सपाट अँटेना वाकवला तर सिग्नलचं काय होतं? ढोल पथकापासून सॅटेलाइटपर्यंत, सोप्या भाषेत

गणपतीच्या मिरवणुकीत ढोल पथक तुम्ही पाहिलं असेल. समजा एका मोठ्या मैदानात वादक एका सरळ रांगेत उभे आहेत आणि तुम्ही त्यांच्या बरोब्बर समोर, बरेच लांब उभे आहात. सगळ्यांचा ठोका एकाच क्षणी पडतो. तुमच्या कानावर काय येतं? एकच जोरदार 'धडाम'.

आता त्याच वादकांना सांगितलं की रांग कमानीसारखी करा. मधले जागेवरच थांबले आणि टोकाचे वादक ७ मीटर मागे सरकले. ठोका अजूनही सगळे एकाच क्षणी मारतायत. पण आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर या वेगानं येतो. म्हणजे टोकाच्या ढोलांचा आवाज तुमच्यापर्यंत सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं उशिरा पोहोचतो. 'धडाम'चं 'धडडाम' होतं. वादन बिघडलेलं नाही, ढोल बिघडलेले नाहीत, फक्त रांग वाकली.

सपाट पॅच अँटेनांचा समूह वाकवल्यावर नेमकं हेच होतं. फरक इतकाच की तिथे ७ मीटर लागत नाहीत. काही मिलिमीटर पुरतात.

घडी होणारे फोन आले, मनगटावर गुंडाळायची उपकरणं आली, कापडावर सर्किट छापता येऊ लागलं. त्यामुळे 'अँटेनाही हवा तसा वाकवा, कुठेही चिकटवा' हे ऐकायला सोपं वाटतं. पण अँटेना वाकवण्याची एक किंमत असते. ती किती, कुठे मोजावी लागते आणि त्यावर उपाय काय, हेच आज समजून घेऊ.

पॅच अँटेना म्हणजे नक्की काय?

अँटेना म्हटलं की जुन्या टीव्हीवरच्या काड्या किंवा गच्चीवरची छत्री आठवते. पॅच अँटेना यातलं काहीच नाही. तो दिसतो एखाद्या सर्किट बोर्डवरच्या तांब्याच्या चौकोनी ठिगळासारखा. खाली तांब्याचा अखंड थर, त्याला ग्राउंड प्लेन म्हणतात. मध्ये वीज न वाहणारा पातळ थर. आणि वर तांब्याचा छोटा चौकोन, म्हणजे पॅच. झालं, अँटेना तयार.

या चौकोनाची लांबी मनाला येईल तशी ठेवता येत नाही. ज्या रेडिओ लहरी पकडायच्या आहेत त्यांच्या मधल्या थरातल्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी ती असावी लागते. उदाहरणार्थ, २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायची हवेतली तरंगलांबी १२.५ सेंटीमीटर. नेहमीच्या हिरव्या सर्किट बोर्डवर त्यासाठीचा पॅच ३ सेंटीमीटरच्या आसपास भरतो, कारण त्या बोर्डच्या आत लहरी आखूड होतात.

ही कल्पना मांडली जॉर्ज देशां यांनी, १९५३ मध्ये. पण चांगले बोर्ड आणि छपाईचं तंत्र हाताशी येईपर्यंत ती बऱ्यापैकी कागदावरच राहिली. १९७० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मन्सन आणि जॉन हॉवेल यांच्या कामामुळे पॅच अँटेना प्रत्यक्ष वापरात आला. आज गाडीतल्या जीपीएस ट्रॅकरमध्ये, ड्रोनच्या डोक्यावर असलेल्या जीपीएसच्या डबीत जो छोटा चौकोनी सिरॅमिकचा तुकडा असतो, तोही पॅच अँटेनाच.

मग एकावर भागत नाही का?

भागतं, पण सगळीकडे नाही. एकटा पॅच समोरच्या मोठ्या भागात ऊर्जा पसरवतो. त्याच्या झोताची रुंदी साधारण ७० ते ९० अंश असते. खोलीतल्या बल्बसारखं समजा. जीपीएससाठी हे छान, कारण आकाशातले उपग्रह वेगवेगळ्या दिशांना असतात.

पण लांबवर, एकाच दिशेला सिग्नल पाठवायचा असेल तर बल्ब नको, टॉर्च हवी. त्यासाठी अनेक पॅच ओळीत लावतात. याला म्हणतात अ‍ॅरे. दोन पॅचमधलं अंतर साधारण अर्धी तरंगलांबी ठेवतात आणि सगळ्यांना एकाच तालात सिग्नल देतात. समोरच्या दिशेला सगळ्यांच्या लहरी एकदम पोहोचतात, उंचवट्यावर उंचवटा बसतो आणि सिग्नल जोरदार होतो. बाजूच्या दिशांना मात्र कुणाची लहर आधी, कुणाची नंतर पोहोचते. उंचवटा आणि खळगा एकत्र आले की एकमेकांना खाऊन टाकतात.

कोणत्या दिशेला किती ऊर्जा जाते, याच्या नकाशाला रेडिएशन पॅटर्न म्हणतात. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

- मुख्य झोत: जिथे सगळ्यात जास्त ऊर्जा जाते ती दिशा. ८ पॅचच्या सपाट ओळीत याची रुंदी साधारण १३ अंश भरते.
- बाजूचे झोत: नको त्या दिशेला गळणारी ऊर्जा. सगळ्या पॅचना सारखी ताकद दिली, तर पहिला बाजूचा झोत मुख्य झोताच्या साधारण विसाव्या हिश्श्याइतका असतो.
- बहिऱ्या दिशा: जिथे लहरी एकमेकींना पूर्ण खोडतात आणि जवळपास काहीच जात नाही. इंजिनिअर याला नल म्हणतात.

ही तिसरी गोष्ट कामाची वाटत नाही, पण असते. शेजारून येणारा नको असलेला सिग्नल टाळायचा असेल, तर त्या दिशेला बहिरं असणं हाच अँटेनाचा गुण ठरतो.

वाकवल्यावर काय काय बिघडतं?

एक नाही, तीन गोष्टी एकदम बदलतात.

१. वाटेतलं अंतर बदलतं. ढोल पथकासारखंच. ओळ कमानीसारखी वाकली की टोकाचे पॅच मागे जातात. त्यांच्या लहरींना जास्त वाट चालावी लागते, म्हणून त्या उशिरा पोहोचतात. हा उशीर अर्ध्या तरंगलांबीइतका झाला तर टोकाचे पॅच मदत करायचं सोडून मधल्या पॅचचा सिग्नल चक्क पुसायला लागतात. या उशिराला तांत्रिक भाषेत फेजमधला फरक म्हणतात.

२. तोंडं फिरतात. सपाट असताना सगळे पॅच एकाच दिशेला बघत होते. वाकल्यावर प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. टोकाचे पॅच आता तिरके बघतायत, म्हणून समोरच्या दिशेला त्यांचं योगदान कमी होतं. शिवाय त्यांच्या लहरींच्या कंपनाची दिशा, म्हणजे पोलरायझेशन, ही एकमेकांशी जुळेनाशी होऊ शकते. मग रिसीव्हरला हवी असलेली ऊर्जा थोडी कमी मिळते आणि नको त्या पोलरायझेशनमध्ये थोडी वाया जाते.

३. पॅच स्वतःच बदलतो. प्रत्येक पॅचची एक ठरलेली वारंवारता असते आणि साध्या पॅचचा पट्टा अरुंद असतो, अवघ्या काही टक्क्यांचा. पॅच वाकला की ही वारंवारता थोडी सरकते. कोणत्या दिशेनं वाकवलाय यावरही ते ठरतं. जी लांबी वारंवारता ठरवते त्याच लांबीत वाकवला तर परिणाम जास्त जाणवतो. रुंदीत वाकवला तर सहसा कमी. एकमेकांशेजारच्या पॅचमध्ये जी थोडी ऊर्जा झिरपत असते, तिचंही गणित बदलतं.

सौम्य वाकात यातली पहिली गोष्ट सगळ्यात जास्त नुकसान करते. वाक वाढत गेला की दुसरी जड होते.

आकड्यांत बघूया: गच्चीवरची टाकी

गच्चीवरची गोल पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. व्यास १ मीटर धरू. २.४ गिगाहर्ट्झसाठी बनवलेली ८ पॅचची पट्टी आपल्याकडे आहे. दोन पॅचमध्ये ६.२५ सेंटीमीटर अंतर, म्हणजे पहिल्यापासून आठव्यापर्यंत साधारण ४४ सेंटीमीटर. ही पट्टी टाकीच्या पोटाला आडवी चिकटवली.

टाकीचा गोलवा डोळ्यांना फार वाटत नाही. पण टोकाचे पॅच मधल्या पॅचपेक्षा ४.६ सेंटीमीटर मागे गेले. १२.५ सेंटीमीटरच्या तरंगलांबीत हा एक तृतीयांशाहून मोठा उशीर आहे. एक पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश धरलं, तर फेजमधला फरक साधारण १३३ अंशांचा झाला. दोन टोकांचे पॅच सरळ समोर बघण्याऐवजी २५-२५ अंश बाहेरच्या बाजूला बघायला लागले.

आता पॅटर्नचं साधं गणित केलं, म्हणजे पॅचची वारंवारता सरकणं आणि शेजाऱ्यांमधली झिरप सोडून दिली, तर काय दिसतं?

- सरळ समोरची ताकद सपाट पट्टीच्या साधारण ४० टक्क्यांवर येते. निम्म्याहूनही कमी.
- मुख्य झोताची रुंदी १३ अंशांवरून ३५ अंशांच्या आसपास जाते. टॉर्चचा बल्ब व्हायला लागला.
- २० अंश बाजूला, जिथे सपाट पट्टीचा लहानसा बाजूचा झोत होता, तिथे जाणारी ऊर्जा साधारण चौपट होते.
- १५ अंशांच्या जवळ सपाट पट्टी जवळपास बहिरी होती. वाकल्यावर त्याच दिशेला, समोरच्या ताकदीच्या निम्म्याहून जास्त ऊर्जा जाते. बहिरी दिशा गायब.

शेवटचा मुद्दा परत वाचा. समोरचा सिग्नल कमी झाला हे एक वेळ ताकद वाढवून भरून काढता येईल. पण ज्या दिशेला अँटेनानं कान बंद ठेवायला हवे होते, तिथले कान उघडले. आता तिकडचा गोंगाटही आत येणार. ताकद वाढवून तो कमी होत नाही.

आत वाकवला तर? मग तर छत्रीसारखा फायदा होईल ना?

हा प्रश्न बरोबर आहे. डिश अँटेना आतल्या बाजूला खोलगट असते आणि ती झोत एकवटते. मग पट्टी वाटीसारखी आत वाकवली तर?

डिशमध्ये पुढे एक फीड असतो. त्याच्या लहरी खोलगट पृष्ठभागावर आदळून समांतर होतात, म्हणून तो आकार उपयोगी पडतो. आपल्या अ‍ॅरेत प्रत्येक पॅच स्वतःच लहर सोडतोय. आत वाकवल्यावर टोकाचे पॅच पुढे येतात आणि त्यांच्या लहरी लवकर पोहोचतात. उशीर काय आणि घाई काय, ताल चुकायचा तो चुकतोच. जवळच्या एका बिंदूपाशी ऊर्जा खरंच एकवटते, पण त्यापुढे लहरी एकमेकींना ओलांडून पसरत जातात. लांबच्या रिसीव्हरला शेवटी रुंद आणि कमकुवत झोतच मिळतो.

आणि वाक एकाच बाजूला असेल, म्हणजे पट्टीचा डावा भाग सपाट आणि उजवा वाकलेला, तर आणखी एक भानगड होते. पॅटर्न तिरका होतो आणि झोताचा मधला भाग बाजूला सरकतो. रडारसाठी ही सगळ्यात त्रासदायक गोष्ट, कारण वस्तू दिसते खरी, पण जिथे नाही तिथे दिसते.

किती वाक चालतो?

हे तरंगलांबीवर ठरतं. अँटेनाची मोजमापं करताना इंजिनिअर एक ठोकताळा वापरतात: लहरींच्या वाटेतला फरक तरंगलांबीच्या सोळाव्या भागापर्यंत असेल तर तो सहसा चालवून घेतला जातो. म्हणजे साडेबावीस अंशांचा फेजफरक. तोच ठोकताळा आपण वाकाला लावला, तर टोकाचे पॅच मधल्यांपेक्षा किती मागे गेलेले चालतील ते बघा.

- जीपीएस, साधारण १.५७५ गिगाहर्ट्झ: १.२ सेंटीमीटर
- वायफाय, २.४ गिगाहर्ट्झ: साधारण ८ मिलिमीटर
- ५जी, ३.५ गिगाहर्ट्झ: साधारण ५.४ मिलिमीटर
- १० गिगाहर्ट्झचा रडार: १.९ मिलिमीटर
- ५जीचा २६ गिगाहर्ट्झचा पट्टा: ०.७ मिलिमीटर

म्हणजे वारंवारता जितकी वर, तितका वाक कमी सहन होतो. जी पट्टी वायफायच्या दृष्टीनं 'सपाटच' आहे, तीच २६ गिगाहर्ट्झला वाकडी ठरते. अ‍ॅरे जितका लांब, तितकं गणित आणखी कडक. कारण लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच गोलव्यावर टोकं जवळपास चौपट मागे जातात.

याचा फटका कुणाला बसतो?

उपग्रहांना. जून १९७८ मध्ये अमेरिकेनं सीसॅट नावाचा उपग्रह सोडला. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या या उपग्रहावर साधारण १०.७ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद रडार अँटेना होता, पॅचनं बनलेला. घडी करून वर नेला आणि अंतराळात उलगडला. त्याची तरंगलांबी साधारण २३.५ सेंटीमीटर. आपला ठोकताळा लावला तर पावणेअकरा मीटर लांबीत जेमतेम दीड सेंटीमीटरचा वाक चालणार. वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे सीसॅट काही महिन्यांतच बंद पडला, पण तेवढ्यातही अंतराळातून रडारनं पृथ्वीची चित्रं काढता येतात हे त्यानं दाखवून दिलं.

आपल्या इस्रोचा रिसॅट-१ हे जवळचं उदाहरण. २६ एप्रिल २०१२ ला पीएसएलव्ही-सी१९ नं तो सोडला. त्याचा रडार अँटेना ६ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, तीन पॅनलच्या घडीचा. वारंवारता ५.३५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी ५.६ सेंटीमीटर. इथे ठोकताळा सांगतो साडेतीन मिलिमीटर! सहा मीटर लांबीचा पॅनल, एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला गारठा. तापलेली बाजू प्रसरण पावते, गार बाजू नाही, आणि पॅनल वाकायला बघतो. म्हणूनच अशा पॅनलचा सांगाडा उष्णतेनं कमीत कमी फुगणाऱ्या साहित्याचा करावा लागतो, बिजागऱ्या अचूक लागतात आणि तापमान सांभाळावं लागतं. ढगांच्या आडून, रात्रीच्या अंधारात पूर आलेलं शिवार आणि उभं पीक दाखवणारी चित्रं या सपाटपणावर अवलंबून असतात.

विमानांना आणि ड्रोनना. विमानाचे पंख उडताना वर वाकतात, हवेच्या झोतांनी थरथरतात. पंखाच्या पृष्ठभागातच अँटेना बसवला तर वजन आणि हवेचा अडथळा दोन्ही वाचतात. पण मग पंखाबरोबर अँटेनाही वाकणार, आणि तोही दर क्षणाला वेगळा. पॅटर्न सतत हलता राहणार.

अंगावर घालायच्या उपकरणांना. जवानाच्या जॅकेटवर किंवा रुग्णाच्या दंडाला बांधलेल्या पट्टीवर अँटेना असेल तर तो शरीराच्या आकारानुसार वाकतो. दंड बारीक असेल तर जास्त, जाड असेल तर कमी. हात दुमडला की आणखी. प्रयोगशाळेत टेबलावर सपाट ठेवून केलेली चाचणी अंगावर लागू होईलच असं नाही. शिवाय तांब्याचा पातळ थर पुन्हा पुन्हा वाकवला तर त्याला चिरा पडतात, तो प्रश्न वेगळाच.

पण थांबा, मुद्दाम वाकवलेले अँटेनाही असतात

इथपर्यंत वाचून वाटेल की वाक म्हणजे फक्त शत्रू. तसं नाही. गंमत अशी की पॅच अँटेना वापरात आला तोच मुळी वाकवण्यासाठी.

रॉबर्ट मन्सन यांचा १९७४ चा गाजलेला शोधनिबंध आहे तो रॉकेट आणि क्षेपणास्त्रांच्या गोल अंगाभोवती पट्ट्यासारखा गुंडाळायच्या अँटेनांवर. रॉकेट उडताना स्वतःभोवती फिरतं. एकाच बाजूला अँटेना असेल तर तो जमिनीकडे पाठ करेल तेव्हा संपर्क तुटणार. मग कमरपट्ट्यासारखे चारी बाजूंनी पॅच लावले तर? रॉकेट कितीही फिरलं तरी कुठला ना कुठला पॅच जमिनीकडे बघतच असतो. बाहेर काही टोचत नाही, हवेला अडथळा नाही. फक्त पॅच पुरेसे जवळ जवळ लावावे लागतात, म्हणजे एका तरंगलांबीपेक्षा कमी अंतरावर. नाहीतर पॅटर्नमध्ये मध्ये मध्ये खड्डे पडतात.

म्हणजे प्रश्न 'वाकलेला की सपाट' हा नाही. प्रश्न आहे 'वाक आधीपासून माहीत होता का?' माहीत असेल तर तो डिझाइनचा भाग होतो. माहीत नसेल तर बिघाड.

मग उपाय काय?

पहिला उपाय: वाकूच द्यायचं नाही. मजबूत सांगाडा, कमी फुगणारं साहित्य. उपग्रहांमध्ये आणि टॉवरवरच्या ५जीच्या पॅनलमध्ये हेच करतात. खात्रीचा, पण वजन वाढवणारा.

दुसरा उपाय: ठरलेल्या वाकासाठी आधीच भरपाई. टोकाचे पॅच मागे आहेत ना? मग त्यांना सिग्नल थोडा आधी द्या. ढोल पथकात टोकाच्या वादकांना 'तुम्ही किंचित आधी ठोका मारा' सांगण्यासारखं. हे काम फेज शिफ्टर नावाचं सर्किट करतं, किंवा पॅचकडे जाणाऱ्या तारांची लांबी कमी-जास्त ठेवूनही ते साधता येतं. आपल्या टाकीच्या उदाहरणात प्रत्येक पॅचचा उशीर असा भरून काढला, तर त्याच साध्या गणितानुसार समोरची ताकद ४० टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर येते.

हे तत्त्व मराठी वाचकांच्या अंगणातच रोज वापरलं जातं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत, साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. आकाशातल्या एखाद्या स्रोताची लहर सगळ्या डिशवर एकदम पोहोचत नाही. कोणत्या डिशला किती उशीर झाला याचा हिशेब करून सिग्नल जुळवले जातात, तेव्हाच त्या ३० डिश मिळून एक दुर्बीण होतात. तिथे डिश आहेत आणि इथे पॅच, तिथे किलोमीटर आहेत आणि इथे सेंटीमीटर. उशीर मोजा आणि भरून काढा, हे सूत्र मात्र तेच.

तिसरा उपाय: वाक ओळखणारा अँटेना. वाक सतत बदलत असेल तर ठरलेली भरपाई कामाची नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या बेंजामिन ब्राटेन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सेलफ्लेक्स नावाचा चार पॅचचा लवचीक अ‍ॅरे मांडला. त्यात वाकल्यावर ज्याचा विद्युतरोध बदलतो असा सेन्सर आहे. सेन्सरनं वाक सांगितला की सर्किट स्वतःच फेज शिफ्टरना हुकूम देतं आणि झोत पुन्हा समोर येतो. माणसानं काही करायची गरज नाही.

चौथा उपाय: सेन्सरशिवाय आकार ओळखणं. वर आपण शेजारच्या पॅचमध्ये झिरपणाऱ्या ऊर्जेचा उल्लेख केला. अ‍ॅरे वाकला की ही झिरप बदलते. म्हणजे ती नीट मोजली तर उलट हिशेब करून अ‍ॅरेचा आकार काढता येतो. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेच्या संशोधकांनी या दिशेनं काम केलंय. याच संस्थेनं जानेवारी २०२३ मध्ये अंतराळात पाठवलेल्या मेपल या प्रयोगात वजनानं हलक्या, लवचीक मायक्रोवेव्ह ट्रान्समीटरचा समूह होता. त्यानं अंतराळात बिनतारी ऊर्जा पाठवून दाखवली आणि त्याचा सिग्नल पॅसाडेनातल्या संस्थेच्या गच्चीवर पकडताही आला. उद्या अंतराळातून पृथ्वीवर सौरऊर्जा पाठवायची असेल तर खूप मोठे अँटेना लागतील. ते घडी करून न्यायचे म्हणजे हलके हवेत, आणि हलके म्हणजे वाकणारच. त्यामुळे वाकलेल्या अँटेनाला ताळ्यावर आणणं ही तिथे मुख्य गरज आहे.

उपायांनाही मर्यादा आहेत

फेजची भरपाई पहिली अडचण सोडवते, दुसरी नाही. उशीर भरून काढता येतो, पण तिरकं तोंड केलेल्या पॅचला समोर बघायला लावता येत नाही. म्हणूनच टाकीच्या उदाहरणात ९२ टक्के परत आले, १०० नाही. वाक आणखी वाढला, पट्टी अर्ध्या वर्तुळाभोवती गेली, तर टोकाचे पॅच पूर्ण आडवे बघतात. त्यांना कितीही ताल शिकवला तरी समोरच्या श्रोत्याला त्यांचा उपयोग जवळपास शून्य. तिथे मग ते बंद करून फक्त समोरचे पॅच वापरणं शहाणपणाचं.

तिसरी अडचण, म्हणजे प्रत्येक पॅचची वारंवारता सरकणं, तीही फेज बदलून सुटत नाही. त्यासाठी मुळातच जरा रुंद पट्ट्याचे पॅच बनवावे लागतात, किंवा पॅच अशा दिशेनं बसवावे लागतात की वाक त्यांच्या रुंदीत येईल, लांबीत नाही. आणि प्रत्येक पॅचमागे फेज शिफ्टर म्हणजे खर्च, वीज आणि वजन.

थोडक्यात सांगायचं तर

- सपाट अ‍ॅरेची ताकद तालात आहे. सगळ्या पॅचच्या लहरी एकदम पोहोचतात म्हणून झोत तयार होतो.
- वाकवल्यावर टोकांच्या लहरी मागे-पुढे होतात, पॅचची तोंडं फिरतात आणि प्रत्येक पॅच स्वतःही थोडा बदलतो.
- परिणाम: मुख्य झोत रुंद आणि कमकुवत, बाजूचे झोत मोठे, बहिऱ्या दिशा भरून जातात. वाक एकसारखा नसेल तर झोत सरकतो.
- वारंवारता वाढली की वाक सहन करण्याची क्षमता कमी होते. २६ गिगाहर्ट्झला अर्धा-पाऊण मिलिमीटरही महत्त्वाचा.
- वाक माहीत असेल तर बरीच भरपाई करता येते, पूर्ण नाही.

तर पुढच्या वेळी 'कुठेही वाकवा, कुठेही चिकटवा' अशी लवचीक अँटेनाची जाहिरात किंवा रील दिसली, तर दोन प्रश्न नक्की विचारा. कोणत्या वारंवारतेला? आणि चाचणी सपाट ठेवून केली होती की वाकवून? उत्तर फक्त 'सपाट' असं आलं, तर वाकवल्यावर तो तसाच चालेल हे अजून कुणी तपासलेलंच नाही.